खाजणातला जावई

आनंदीच्या शेतात जावई येऊन बसला तेव्हा आनंदीला मुलगीच नव्हती. एक मुलगा होता, लोकेश, तोही लग्न करून भायंदरच्या इंद्रलोकला फ्लॅटमध्ये गेलेला. म्हणून पेणकरपाड्यात जो तो विचारायचा, वहिनी, हा जावई कुठला काढलास? मग आनंदी डोक्यावरची पाटी खाली ठेवायची, कमरेवर हात घ्यायची आणि सांगायची, "माज्याच शेतात बसतंय, फुकटचं खातंय, आनि माज्यावरच गुरकावतंय. जावई न्हाय तं काय व्याही?"

जावई म्हणजे कुत्रा. तांबूस काळा, कान अर्धे उभे अर्धे पडके, बाप अल्सेशियन आणि आई कुठल्यातरी नाक्यावरची. कागदोपत्री नाव टायगर.

आणि शेत आता तिचं नव्हतं, ही दुसरी गोष्ट. दीर हरिश्चंद्राने खाजणातलं, खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं, सगळं शेत बिल्डरला दिलं, तेव्हा आनंदीचाही अंगठा घेतला होता. शाई पुसायला त्याने स्वतःचा रुमाल पुढे केला होता, एवढा मान तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला. अंगठा देताना तिने एकच विचारलं, "माजी वाट?" शेतातून बांधावर आणि बांधावरून खाडीत उतरणारी पायवाट. चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, धरायला ती रोज तिथूनच जायची. हरिश्चंद्र म्हणाला, "वाट कोन खातंय काय वयनी? वाट कुटं जातंय?"

वाट कुठेच गेली नाही. तिच्यावर कुत्रा बसला.

नवरात्र संपलं, ऑक्टोबरचं ऊन चिकट होऊन अंगाला लागायला लागलं, आणि शेताभोवती पत्रे उभे राहिले. आत सळयांचे भारे, सिमेंटच्या गोणी, खडीचा ढीग. दोन खांब पुरून त्यांच्यामध्ये तार ताणली, तारेत कडी, कडीला साखळी, साखळीला कुत्रा. तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याला धावता यायचं, आणि आनंदीची पायवाट बरोबर मधोमध.

पहिल्या दिवशी ती डोक्यावर पाटी, हातात लोखंडी आकडा घेऊन पत्र्याच्या फटीतून आत शिरली आणि कडीचा खर्रर्र आवाज आला. मागे सरता सरता ती खडीवर बसली ती बसलीच. कोपर सोललं. आकडा एकीकडे, पाटी एकीकडे, आणि कुत्र्याचं तोंड तिच्या पायाच्या अंगठ्यापासून वीतभर लांब, फेसाळलेलं.

वॉचमन वाल्मिक धावत आला. परभणीकडचा माणूस, गावाकडे पाऊस नाही म्हणून बायकोला घेऊन इकडे आलेला. पत्र्याचीच खोली, पत्र्याचंच दार.

"मावशे, मरायचं हाय का? बोर्ड वाचत न्हाईस व्हय?"

"मना वाचता आलं असतं तं अंगठा दिला असता काय?" आनंदी कोपरावरची खडी झटकत म्हणाली. "ही माजी वाट हाय."

"वाट असंल. कुत्रं मालकाचं हाय."

"मग मी कुटून जाऊ?"

वाल्मिकने मिठागरांकडे हात केला. मिठागराला वळसा घालून खाडीत उतरता यायचं, नाही असं नाही. पण तोपर्यंत ओहोटी आपल्या घरी निघून जायची. चिखल उघडा पडतो तेवढाच वेळ. बीळ ओळखायचं, आकडा घालायचा, चिंबोरी नांग्यांनी आकडा धरते तशी अलगद ओढायची. पाणी चढलं की सगळी बिळं सारखीच. त्या दिवशी वळशाने जाऊन आनंदीने हाताला लागल्या तेवढ्या चार पोकळ चिंबोऱ्या आणल्या. केबिन रोडच्या बाजारात एका बाईने एक उचलून वजन केल्यासारखी हलवली आणि टोपलीत परत टाकली. "हवा भरली आहे का हो मावशी?"

"हवा आत, चव भायेर," आनंदी म्हणाली. बाई हसली, पण घेतली नाही.

चार दिवस वळसा घालून तिच्या टाचा कालवांच्या शिंपल्यांनी कापल्या. पाचव्या दिवशी तिने बोंबलाची डोकी फडक्यात बांधली आणि सरळ पत्र्याच्या फटीत जाऊन उभी राहिली. एकेक डोकं फेकलं. कुत्र्याने सगळी खाल्ली, तोंड चाटलं आणि पुन्हा तेवढ्याच जोराने अंगावर आला.

"अस्सल जावई," आनंदी म्हणाली. नाव पडलं ते तेव्हा.

पण तोंड चाटताना त्याने मान वर केली होती आणि पट्ट्याखालची कातडी दिसली होती. केस गेलेले, लाल, ओलसर. असं तिने पूर्वी बैलाच्या खांद्यावर पाहिलं होतं. तिच्या नवऱ्याचा एक बैल होता, जुंपायला घेतला की शिंगं उगारायचा. नवरा काठी घ्यायचा. आनंदी नुसती त्याच्या बाजूला जाऊन, पाठ करून, पेंढा निवडत बसायची. बैलाला वाटायचं, ही आपल्यासाठी आलेलीच नाही. मग त्याचंच नाक तिच्या पाठीला लागायचं.

दुसऱ्या दिवशी ती साखळी जिथे संपते तिथून हातभर लांब, कुत्र्याकडे पाठ करून बसली. तांदळाची भाकरी सोडली, सुकटीची चटणी सोडली आणि जेवायला लागली. मागे भुंकून भुंकून कुत्र्याचा आवाज फाटला. मग नुसती गुरगुर. मग कडीचा आवाज, इकडून तिकडे. मग काहीच नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. वाल्मिकची बायको वैजयंता, पोट पुढे आलेली, दारात बसून हे सगळं बघत होती.

"मावशे, ते काय तुमच्या पाठीवर अक्षता टाकनार हाय का?"

"टाकंल. जावई हाय."

टाकल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी ती साखळीच्या आत हातभर सरकून बसली, आणि जेवण अर्ध्यावर आलेलं असताना मानेमागे ओलं, गार काहीतरी लागलं आणि फूं करून वारा आला. आनंदीने घास चावणं सोडलं नाही. हात मागे नेला, पालथा, मूठ सैल ठेवून. नाक हातावर फिरलं. चिंबोरी, चिखल, बोंबील, आदल्या दिवशीचा, त्याच्या आदल्या दिवशीचा, सगळा बाजार त्याने वाचून काढला.

इथे आनंदीने चूक केली. जन्मभर बैलात वावरलेल्या माणसाचीच चूक. बैल असा लाडात आला की त्याच्या दोन शिंगांच्या मधोमध खाजवायचं, तो डोळे मिटतो. तिचा हात आपोआप वर गेला, कुत्र्याच्या टाळूवर, आणि घसाघसा खाजवायला लागला. टप्पकन दात मिटले. मनगट दातांत. रक्त नाही, पण दातांचे चार ठसे.

वाल्मिक पांढराफटक. "आता पोटात इंजेक्शनं घ्यावी लागतील! माझी नोकरी गेली!"

"रगत न्हाय आलं रं, ओरडू नको." आनंदी मनगट चोळत कुत्र्याकडे बघत होती. तो लांब जाऊन, शेपटी पोटात घेऊन उभा होता, तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला. "याची चूक न्हाय. वरून हात आला की याला कायम मारच बसला असंल. आनि शिंगं न्हाईत त्याला शिंगांत खाजवलं, ह्यो गाढवपना माजा."

 वाल्मिकच्या हातात काठी होती, ती त्याने पत्र्याला टेकवून ठेवली.

मग तिने खालून सुरुवात केली. हनुवटीखाली दोन बोटं. मग गळ्याला, बैलाची पोळी लोंबते त्या जागी, बोटांच्या पेरांनी. मग छातीवर, दोन्ही पायांच्या मधोमध, उलट्या केसांनी नाही, सुलट्या. थोडं खाजवायचं आणि हात थांबवायचा. नको असेल तर जा बाबा. तो जायचा नाही. तो नाकाने हात उचलायचा. पट्ट्याखालच्या जखमेला तिने खोबरेल आणि हळद लावली आणि पट्टा एक भोक सैल केला. कानामागे त्याला आवडायचं, पण डाव्याच. उजव्या कानाला हात लागला की मान झटकायचा. पोट तो दाखवायचा, पण पोटाला हात लावलेला त्याला चालायचा नाही. "दाखवतंय पन देत न्हाय," आनंदी वैजयंताला म्हणाली. "बाजारातल्या बायांसारखं."

आणि एके दिवशी शेपटीच्या मुळाशी, जिथे पाठ संपते, तिथे तिची चारही नखं लागली. चिखलाने काळी, आकडा धरून धरून घट्ट झालेली नखं. कुत्रा जागच्या जागी वाकडा झाला. तोंड आभाळाकडे, ओठ मागे, जीभ एका बाजूला, आणि मागचा डावा पाय आपोआप हवेत टप टप टप टप. सायकल चालवतोय जणू. आनंदी हसायला लागली ती डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली. तिने नखं काढली, पाय थांबला. लावली, टप टप. काढली, थांबला. वैजयंता पोट धरून हसत होती. वाल्मिक हसू नये म्हणून आत गेला आणि आत जाऊन हसला.

आता रोजचं ठरून गेलं. ओहोटीच्या आधी ती यायची, जावयाची पाठ, जावयाची छाती, जावयाचा डावा कान, मग खाडी. येताना भरलेली पाटी, कमरेपर्यंत चिखल, पुन्हा जावई. अमावास्या जवळ येत होती, चिंबोऱ्या भरल्या होत्या. केबिन रोडवरच्या त्या बाईने आता स्वतःहून हाक मारली.

दिवसभरात आनंदीच्या हाताला लागायचं काय, तर चिंबोरीची नांगी आणि गिऱ्हाइकाची चिल्लर. रविवारी ती इंद्रलोकला जायची. सून रश्मी चांगल्या घरची, तोंडाने एक शब्द वाईट नाही. फक्त सासू आली की सोफ्यावर पेपर अंथरायची. नातू तिच्या मांडीवर यायला निघाला की रश्मी म्हणायची, "आजीचे हात टोचतात ना रे, थांब, आजी हात धुऊन येतील." आनंदी धुऊन यायची. तोपर्यंत नातू झोपलेला असायचा. लोकेश म्हणायचा, "आई, सोड ना ते चिखलातलं. इथे राहा." ती हसून म्हणायची, "इथं ओहोटी कुटं येतंय?" आणि रिक्षाचे पैसे नको म्हणून चालत पाड्यावर यायची. घरात चूल, एक खाट आणि नवऱ्याचा फोटो. फोटोला हात लावून किती लावणार.

म्हणून ती आपलं ओहोटी असो नसो, पत्र्याच्या फटीत जायला लागली.

व्हायचं तेच झालं. जावयाचं कुत्रेपण गेलं. पत्र्याआडून कोणीही शिरलं की तो शेपटी हलवत पाठ पुढे करायचा. एका दुपारी वाल्मिक दवाखान्यात वैजयंताला घेऊन गेला आणि कोणीतरी सळयांचा एक भारा उचलून नेला. चोराने जाता जाता त्याला खाजवलं असावं, कारण वाल्मिक आला तेव्हा तो मजेत आडवा पडला होता.

सुपरवायझर ईश्वरभाई आला. सफारी, पायात पांढरे बूट, चिखल चुकवत चालणारा. कुत्रा त्याच्याजवळ गेला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"अरे वाल्मिक, ये कुत्ता है के बकरी? क्या खिलाता है इसको?"

"साहेब, उन्हानं सुस्तावलंय."

"मेरे को मत सिखा. परवा आवीश. आदमी साथ में लाएगा. कुत्ता भोंकेगा तो ठीक. नहीं भोंकेगा तो इसको हाइवे पे छोड़ देना, और तू भी तेरा बिस्तरा उठा. समज्यो?"

संध्याकाळी वैजयंता स्वतः पाड्यावर आली. दारात उभी राहून, ओढ्यातून पाणी आणल्यासारखा श्वास टाकत म्हणाली, "मावशे, तुमचा लाड आन् आमची भाकर. या महिन्यात मी कुटं जाऊ असं पोट घेऊन?"

आनंदी चुलीपुढे बसली होती. तिच्या तोंडावर आलेली थट्टा तिने गिळली. "जा तू," ती म्हणाली. "मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी ती वाटेवर आली आणि कुत्र्याकडे न बघता खाडीकडे चालायला लागली. हात पाटीला धरलेले, दोन्ही. जावई आधी शेपटी हलवत बाजूने चालला. मग आडवा आला. मग पाठ दिली. हात नाही. तेव्हा त्याने तोंड उघडलं. आनंदीने कुत्री पुष्कळ ऐकली होती, पण हे भुंकणं वेगळंच. सिमेंटच्या गोणीवरची धूळ उडाली. बांधावर पोहोचली तरी मागे तेच. ती थांबली. गालातल्या गालात हसली. "हां," ती म्हणाली, "म्हंजे असं हाय व्हय."

त्या दिवशी आणि रात्रभर, ईश्वरभाई यायचा त्या सकाळपर्यंत, कुणी कुत्र्याला हात लावला नाही. वाल्मिकला ताकीद, वैजयंताला ताकीद. जावयाने तारेखालची माती उकरून काढली.

ईश्वरभाई आला, बरोबर एक मजूर. मजुराने पत्र्यावरून आत यायचं, असं ठरलं.  मजुराने पत्र्यावर पाय टाकला. कुत्र्याने बघितलं, शेपूट हलवली.

आणि पत्र्याच्या भोकातून, बरोबर मजुराच्या पायाखालून, एक काळा हात बाहेर आला. चार नखं हवेत, खाजवल्यासारखी दोनदा हलली आणि भोकात गुडुप झाली.

जावई तारेच्या टोकापर्यंत असा गेला की खांब हलला. साखळी ताणली, मागचे पाय मातीत रुतले, आणि तो भुंकला. हात पुन्हा आला, पुन्हा गेला. मजूर पत्र्यावरून उलटा पडला, बाहेरच्या बाजूला, आनंदीच्या अंगावर. तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. "ओरड मुडद्या, कुत्रा कुत्रा म्हनून ओरड. मना बघितलं म्हनलास तं बघ." तो ओरडला. मनापासून ओरडला.

"वाह!" ईश्वरभाई टाळी वाजवत होता. "आ तो वाघ छे वाघ! वाल्मिक, क्या किया तूने?"

"उपाशी ठिवलं साहेब," वाल्मिक म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

पत्र्यामागे आनंदी तोंडात पदर कोंबून हसत होती. पदर कोंबलेलाच राहिला, कारण आत ईश्वरभाई म्हणाला, "ऐसा जनावर इधर क्या काम का? इधर तो तू है. इसको मनोरवाली साइट पे भेजो, उधर जंगल है, बहोत चोरी होती है. कल टेम्पो आएगा."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. जावई चढेना. वाल्मिकने ओढलं, ड्रायव्हरने मागून पोतं टाकलं, त्याने पोतं फाडलं. ड्रायव्हरच्या पॅंटचा पाय गेला. सव्वा तास ही झटापट झाली आणि मग वाल्मिक पाड्यावर आला. दारात उभा राहिला. टोपी हातात.

"मावशे." त्याने खाजणाकडे बोट केलं. "त्ये तुमच्याबिगर चढत न्हाई."

आनंदी ओहोटीसाठी निघालेली. आकडा हातात. तिने आकडा भिंतीला टेकवला आणि त्याच्यामागून चालू लागली.

टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून ती चढली आणि आत सरकून, केबिनच्या पत्र्याला टेकून बसली. हाक मारली नाही. पालथा हात बाजूला ठेवला, सैल. जावई खाली उभा राहून बघत राहिला. मग उडी मारून वर आला आणि तिला चिकटून बसला. वाल्मिकने फाळका लावला. वैजयंता दारातून बाहेर आली नाही.

"मौसी, अब उतरो," ड्रायव्हर म्हणाला.

आनंदीने हात उचलला. कुत्रा उठला, फाळक्यावर पाय टाकले.

"चल," आनंदी म्हणाली. "मी येतंय."

"मनोर तक? दिमाग़ ख़राब है क्या?"

"तुजी दुसरी पॅंट हाय का घरी?"

ड्रायव्हरने आपल्या फाटक्या पायाकडे बघितलं आणि गाडी सुरू केली.

हायवेला वारा लागला. जावयाने तोंड वाऱ्यात धरलं, कान मागे. घोडबंदरची खाडी आली, पुलाखालचं पाणी उतरत होतं, दोन्ही बाजूला चिखल चकाकत होता. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती. चिंबोऱ्या गच्च भरलेल्या असणार. आनंदी छाती खाजवत होती, मग गळा, मग डावा कान. हात दुखला की दुसरा हात. विरारच्या पुढे रस्ता ओसाड झाला, साग लागले. ड्रायव्हरने एका टपरीवर चहा घेतला आणि न विचारता तिलाही आणून दिला. तिने एका हाताने प्यायला.

साइट म्हणजे नुसतं माळरान, तारेचं कुंपण आणि एक झोपडी. वॉचमन बाहेर आला. सदू नाव, तिकडचाच, वयाने आनंदीएवढा, काटकुळा, उघडा. त्याने कुत्र्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"चावत का?"

"चावतंय," आनंदी म्हणाली. "टाळूवर हात नेला तं चावतंय. तू एकलाच हाय इथं?"

"बायको गेली. पोरगी तिकडं दिली, जव्हारला."

आनंदीने साखळी खांबाला बांधली, पट्टा एक भोक सैल आहे ना ते बघितलं. "इकडं ये. पाठ करून बस."

"कोनाकडं?"

"त्याच्याकडं. माज्याकडं न्हाय मेल्या."

सदू बसला. ती शेजारी बसली.  माळावर होला घुमत होता. मग जावई सदूच्या मानेजवळ गेला आणि वास घेतला. सदू ताठ झाला. आनंदीने त्याचा हात मनगटाला धरला, हळूच मागे नेला, पालथा केला. हात खडबडीत, कोयता धरून धरून बोटं वाकलेली. "खालून," ती म्हणाली. "थोडं कर आनि थांब. त्याला इचार. हां. आता फिरलं बघ, पाठ दिली. आता हितं." आणि तिने सदूची नखं शेपटीच्या मुळाशी नेऊन टेकवली.

जावई वाकडा झाला. तोंड आभाळाकडे, जीभ एका बाजूला. मागचा डावा पाय, टप टप टप टप.

सदू हसला. त्याला पुढचे दात नव्हते. "आगं आय, हा काय करतो!" तो म्हणाला आणि जोरात खाजवायला लागला.

आनंदीने आपला हात काढून घेतला. पाय चालूच राहिला.

"डावा कान," ती उठता उठता म्हणाली. "उजव्याला लावू नको." सदूने मान हलवली, ऐकलं की नाही देव जाणे. "आनि पोट दाखवलं तं फसू नको. बेईमान हाय."

बेईमान म्हणताना तिचा आवाज हलला, म्हणून तिने तो शब्द पुन्हा एकदा, नीट, शिवी घातल्यासारखा म्हटला.

टेम्पो वळवून उभा होता. ड्रायव्हरने केबिनचं दार उघडलं. "मौसी, आगे बैठो. पीछे धूल है."

"न्हाय," आनंदी म्हणाली, आणि फाळक्यावरून मागेच चढली.

परतीच्या वाटेवर ऊन तिरपं झालं होतं. मागे आता सगळी जागा तिचीच. ती केबिनच्या पत्र्याला टेकून बसली. एक हात मांडीवर ठेवला, तो बरा वाटेना. फळीवर ठेवला, तर खड्ड्यागणिक उडायचा. गाडी पुलावर आली तेव्हा भरती लागली होती, खालचा चिखल बुडत चालला होता. आनंदीने दोन्ही हात पदराखाली घेतले, एकात एक घट्ट धरले आणि भायंदर येईपर्यंत तशीच बसून राहिली.